नमस्कारानंतरचं वाक्य

माणसाची भाषा त्याच्या नमस्कारावरून ओळखता येते असं ज्याला वाटतं, त्यानं मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत एक सकाळ उभं राहावं. 'जय जिनेंद्र' म्हणत आत येणारा शेतकरी शिरोळकडचा असला तर पुढचं बोलणं मराठीत, उगार-शेडबाळकडचा असला तर कन्नडमध्ये, आणि तेच शब्द सांगलीच्या कापड पेठेतल्या व्यापाऱ्याच्या तोंडून आले तर पुढचं बहुधा मारवाडीत. 'सलाम आलेकुम' म्हणणारे चाचा सतारमेकर गल्लीतले असोत की बेळगावचे, पुढं दखनी. पण तीच सलामी देऊन आत आलेला केरळचा पोरगा लगेच फोन कानाला लावून 'आं, परयू' म्हणतो, म्हणजे घरचं कुणीतरी मल्याळममध्ये काहीतरी सांगतंय. 'राम राम' तर काय, सगळ्यांचंच. 'जय भीम', 'जय शिवराय', माळकऱ्यांचं 'राम कृष्ण हरी', लिंगायतांचं 'शरणु शरणार्थी'. या प्रत्येकातून माणसाचं घर कळतं, देव कळतो, निवडणुका जवळ आल्या असल्या तर आणखीही काही कळतं. भाषा मात्र कळत नाही. ती पुढच्या वाक्यात असते.

मी औषधाच्या दुकानात बसते. समोरच्याची भाषा ओळखणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, कारण गोळी कशी घ्यायची हे ज्या भाषेत नीट कळतं त्याच भाषेत सांगावं लागतं. मिरजेला हा रिवाज जुना आहे. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इथं दवाखाना काढला तेव्हापासून कृष्णेच्या दोन्ही अंगांनी रोगी येतच आहेत. लोंढ्याकडून येणाऱ्या गाडीतून कुडची, रायबाग, घटप्रभेची माणसं उतरतात, पंढरपूरकडच्या गाडीनं कवठेमहांकाळ, जतची येतात. आणि जत म्हटलं की तिथंही निम्म्या गावांत घरात कन्नड.

माझ्या लेकीला मोबाइलवर एक खेळ सापडला होता. एक नमस्कार ऐकवायचे, चार पर्याय द्यायचे, भाषा ओळखा. ती फटाफट ओळखायची. बोंजूर, ओला, कोन्निचिवा, नी हाओ, गूटन टाग. कौतुक करावं असं त्यात मला काही दिसेना. हे म्हणजे पाढे म्हणणं झालं. खेळ करणाऱ्यानं मुद्दाम असेच शब्द निवडले होते जे आपलं घर सोडून फारसे हिंडत नाहीत. तसे शब्द असतात, नाही असं नाही. वणक्कम ऐकलं की तमिळ, दुसरं काही निघायचं नाही. 'गामार्जोबा' म्हणणारा जॉर्जियाचा, 'झ्द्रास्त्वुयते' एवढी व्यंजनं एका दमात काढणारा रशियन. लडाखात गेलेली माणसं 'जुले' शिकून येतात आणि परतल्यावर महिनाभर लोकांना ऐकवतात. पण नमस्कार ही मुळात हिंडणारी गोष्ट आहे. दारात आलेल्याच्या तोंडात जो शब्द असतो तोच घरातले उचलतात. त्यामुळं ज्या शब्दावरून ओळखायचं, तोच सर्वांत जास्त उष्टा झालेला असतो.

'सलाम'चं सोडाच, तो सेनेगलपासून इंडोनेशियापर्यंत कुठंही ऐकू येईल. 'मरहबा' घ्या. अरबीतून निघालेला हा शब्द तुर्कस्तानात 'मेरहबा' होऊन साधा नमस्कार झाला. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली बोलणाऱ्यांकडं पोचला तेव्हा त्याला वेगळीच नोकरी लागली. तिथं लहानांनी मोठ्यांना 'शिकामो' म्हणायचं आणि मोठ्यांनी उत्तरादाखल 'मराहाबा' म्हणायचं. म्हणजे नुसता शब्द ऐकून भागत नाही, तो कुणी कुणाला म्हटला आणि आधी म्हटला की नंतर, हेही बघावं लागतं. इटलीचा 'चाव' भेटताना आणि निघताना दोन्ही वेळा चालतो. अर्जेंटिनात पोचल्यावर तो निरोपापुरता उरला. व्हिएतनामी लोकही 'चाओ'च म्हणतात, पण त्याचा इटलीशी काडीचा संबंध नाही, तो त्यांचा घरचा शब्द. हंगेरीत माणसं जाताना 'हेलो' म्हणतात. झेक लोकांच्या देशाला समुद्रच नाही, तरी एकमेकांना भेटले की खलाशांसारखं 'अहोय'.

हा 'अहोय' फोनच्या गोष्टीतही येतो. टेलिफोन नवा होता तेव्हा ग्रॅहॅम बेल यांचं मत होतं की फोन उचलून 'अहोय' म्हणावं. एडिसन यांनी १८७७ साली एका पत्रात 'हॅलो' सुचवलं, आणि एडिसन जिंकले. त्यानंतर जगातल्या कितीतरी घरांत फोनपुरता नमस्कार एकच झाला. जपानी लोक अजून 'मोशी मोशी' म्हणतात, इटालियन 'प्रोंतो', मेक्सिकोत 'बुएनो'. आपण मात्र हॅलो. माझ्या दुकानात कुणाचा फोन वाजला तर हॅलोपर्यंत काहीच कळत नाही. त्यानंतर मराठी 'हां बोल', कन्नड 'हेळ्री', दखनी 'हौ बोल', तमिळ 'सोल्लुंग' यांपैकी काय येतं त्यावर माझे कान असतात. (दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे मला माहीत आहे. काउंटर अडीच फुटांचा आहे.)

हॅलोसारखीच स्थिती आपल्या खुद्द 'नमस्कार'ची. हा एकच शब्द भारतभर पसरला आहे, पण प्रत्येकानं त्याचा शेवट आपापल्या पद्धतीनं केला आहे. आपण र वर खाडकन थांबतो. बेंगळुरूकडचा माणूस 'नमस्कारा' असा आकार ओढतो. तेलुगू आणि मल्याळम दोघांकडं 'नमस्कारम्'. बंगाली माणूस सुरुवातीपासूनच तोंड गोल करतो, 'नॉमोश्कार', त्यात आपला स त्याच्याकडं श होतो. ओडिया माणूस शेवटचा स्वर गिळत नाही, र च्या पुढं एक हलका अ सोडून देतो. आणि आमच्या पलीकडचा उत्तर कर्नाटकी? तो म्हणतो 'नमस्कार्री'. तो 'री' ऐकला की मी कन्नडवर येते. बेळगाव, धारवाड, विजापूर भागात आदर दाखवायचा तर वाक्याला री लागलीच पाहिजे. 'बर्री', 'हेळ्री', 'कूड्री'. बेंगळुरूच्या माणसाला हा री जरा गावठी वाटतो असं ऐकते. माझ्या कानाला त्याच्यासारखं गोड काही नाही, आणि दुकानात उधारी मागणाऱ्याच्याही तोंडी तो असतो हे लक्षात घेऊन मी हे म्हणते आहे.

भाषा ओळखायची तर शब्दाच्या डोक्याकडं न बघता शेपटाकडं बघावं, हे मला या री नं शिकवलं. थायलंडमध्ये सगळे 'सवाद्दी'च म्हणतात, त्यात आपला 'स्वस्ति' बसलेला आहे, पण पुरुषानं पुढं 'ख्रप' म्हणायचं आणि बाईनं 'खा'. कोरियात मित्राला नुसतं 'आन्योंग', मोठ्या माणसाला 'आन्योंग हासेयो'. जपानीत सकाळी धाकट्या भावाला 'ओहायो' पुरतं, साहेबाला मात्र 'ओहायो गोझाइमास' म्हणावं लागतं. शब्द कुठूनही आलेला असो, आदराची शेपटी ज्यानं त्यानं घरचीच लावलेली असते.

आणि आमची शेपटी 'सा'. 'कवा आलासा?' 'कुठं चाललासा?' 'बसा की, गडबड कशापायी करतासा?' पुण्याचं माणूस 'काय करताय' म्हणतं, आम्ही 'काय करतासा' म्हणतो. मालवणी माणूस 'बरा मा?' म्हणेल, खानदेशी माणसाच्या बोलण्यात दुसऱ्या वाक्याला 'शे' येईल, वऱ्हाडातला गडी मधेच 'बाप्पा' म्हणेल. चौघांनीही आधी नमस्कारच घातला होता. पण हा 'सा' एकदा ऐकला की मला पत्ता विचारावा लागत नाही. वाळवा, पलूस, तासगाव, फार तर पंचगंगेच्या पलीकडं कोल्हापूर.

माझं माहेर विट्याकडचं. त्या बाजूच्या माणसांची गोष्टच वेगळी. खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. पाऊस नाही, शेती नाही, म्हणून तिथली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली आणि भारतभर गेली. सोनारांकडचं मोडीचं सोनं-चांदी घ्यायचं, भट्टीवर मुशीत वितळवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं आणि परत द्यायचं. कुठल्याही मोठ्या गावच्या सराफ बाजारात मागच्या गल्लीत जा, धुराचा वास आला की विचारा, विटा नाहीतर आटपाडी निघेल. माझा थोरला भाऊ कोइमतूरला असतो. आमच्या भावकीतलं कुणी कोलकात्याला, कुणी कोचीला, कुणी विजयवाड्याला.

गावच्या जत्रेला ही सगळी येतात. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना प्रत्येकजण वाकून 'राम राम तात्या' म्हणतो. फेटे तेच, भाकरी तीच. मग एकेकाचा फोन वाजायला लागतो. दादा म्हणतो, 'वणक्कम अण्णा, सोल्लुंग'. कोलकात्याचा गडी पाठ वळवून 'की खोबोर, बोलून' म्हणतो आणि त्याचा आवाजही बदलतो, गोल होतो. कोचीचा 'येन्दुण्डु विशेषम्' विचारतो. तिथंच वाढलेल्या पोरांचं तर विचारूच नका. माझा भाचा मराठी चांगलं बोलतो, पण ठेच लागली की 'अय्यो' म्हणतो. दादाला मी एकदा विचारलं की कोइमतूरच्या लोकांना तू बाहेरचा आहेस हे कशावरून कळतं. तो म्हणाला, आता कळत नाही. तिकडं प्रत्येक शब्दाला 'ंग' लावून मान देतात, लहान पोरालाही. ते एकदा जमलं की मग कोण विचारतंय. पहिली बरीच वर्षं त्याला वणक्कम येत होता, 'ंग' येत नव्हता. तोवर दुकानमालक त्याला 'सेट' म्हणायचे. 'ंग' आल्यावर 'अण्णा' झाला.

आता हे सगळं शेपटावर येऊन ठरतं म्हणावं, तर आमच्याच शेजारी एक गाव आहे जिथं शेपटीही फसवते. कुपवाड. आज ते आमच्या महापालिकेत आहे, औद्योगिक वसाहत आहे, ट्रकांची गर्दी आहे. साठच्या दशकात ते साधं खेडं होतं. तिथं जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी लोकांचं बोलणं ऐकलं आणि १९७१ साली त्यावर एक निबंध छापला. भाषाशास्त्र शिकणारी मुलं जगभर हा निबंध वाचतात आणि 'कुपवार' असा उच्चार करतात. कुपवाडकरांना बहुतेक याचा पत्ताही नसतो. त्या गावात जैन कन्नड बोलत, मुसलमान दखनी उर्दू, दलित वस्तीत मराठी, आणि दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू. घराघरांत ज्याची त्याची भाषा टिकलेली. पण चावडीवर, शेतात, बाजारात शेकडो वर्षं रोज एकमेकांशी बोलून या भाषांचं व्याकरण इतकं जवळ आलं होतं की एका भाषेतलं वाक्य दुसरीत न्यायचं तर शब्दाच्या जागी शब्द ठेवत जायचं, रचना हलवावीच लागायची नाही. त्यांनी दिलेलं एक उदाहरण पाला कापून आणण्याचं आहे. मराठीत 'पाला जरा कापून घेऊन आलो', तर कुपवाडच्या उर्दूत 'पाला जरा काट के ले के आया'. कन्नड वाक्यही याच चालीनं चालतं, शब्द तेवढे निराळे.

मला पाल्यापेक्षा जेवणाचं उदाहरण जवळचं. जेवण झालं का? ऊटा आतेन्री? खाना हुआ क्या? भोजनम् अयिंदा? चार भाषा, आणि चारही ठिकाणी आधी जेवण, मग झालं, मग प्रश्न. दिल्लीचा माणूस 'खाना खा लिया?' असं विचारेल, खाल्लं का म्हणून. आमच्या मिरजेचे चाचा 'खाना हुआ क्या' विचारतात, जेवण आपोआप होत असल्यासारखं. त्या एका 'हुआ'त शेजारच्या मराठी-कन्नड घरांचा सगळा शेजारधर्म आला.

या जेवणाच्या प्रश्नावरून व्हॉयेजरची गोष्ट सांगायलाच हवी. १९७७ साली अमेरिकेनं दोन यानं सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात पृथ्वीवरचे आवाज, संगीत आणि ५५ भाषांतले नमस्कार. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या गटानं ही तबकडी तयार केली. तिच्यात सुमेरियन, अक्केडियन यांसारख्या केव्हाच मेलेल्या भाषासुद्धा आहेत. मराठी आहे, कन्नड आहे, तेलुगू, गुजराती, ओडिया, राजस्थानी, नेपाळी, सिंहली आहे. तमिळ नाही. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याला मराठी असल्याचा आनंद कमी आणि तमिळ नसल्याचा राग जास्त आला. 'मेलेल्या भाषेला जागा आहे आणि जित्याला नाही?' असं तो बराच वेळ म्हणत होता. सोनं मुलाम्याचं आहे हे कळल्यावर त्यानं किती असेल याचाही अंदाज बांधला, ते वेगळं.

हे नमस्कार आता कुणालाही ऐकता येतात. लेकीनं मला एकेक लावून दाखवले. मराठी नमस्कार अगदी सभेच्या व्यासपीठावरून आल्यासारखा आहे. पृथ्वीवरचे लोक आपले शुभविचार पाठवतात, या जन्मी धन्य व्हा, वगैरे. कन्नडचाही थाट तसाच, समस्त कन्नडिगांच्या वतीनं शुभेच्छा. गुजराती माणसानं मात्र थेट कामाची गोष्ट केली आहे, संपर्क साधा म्हणून. सगळ्यांत मला आवडला तो चीनच्या आमॉयकडच्या बोलीतला. त्यातली बाई म्हणते, अवकाशातल्या मित्रांनो, कसे आहात? जेवलात का? वेळ मिळाला की या आमच्याकडं बसायला. यान आज दोन हजार कोटी किलोमीटरच्याही पलीकडं गेलं आहे आणि त्यातून ही बाई विचारतेय, जेवलासा का. ती चिनी बोलली नसती, मराठीत बोलली असती, तर मी तिचा तालुका सांगितला असता.

ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ साली अशा बोलण्याबद्दल लिहून ठेवलं आहे. प्रशांत महासागरातल्या ट्रॉब्रियंड बेटांवर तो राहिला होता. त्याचं म्हणणं असं की कसं काय, कुठं निघालात, हवा बरी आहे, असल्या बोलण्यातून कुणाला माहिती नको असते. माणसं फक्त एकमेकांशी धागा जोडत असतात. पटण्यासारखं आहे. सेनेगलमधल्या वोलोफ भाषेत सलाम झाल्यावर विचारतात, 'नांगा देफ?', म्हणजे कसं काय. त्यावर ठरलेलं उत्तर 'मांगी फी रेक', मी आपला इथंच आहे. आमच्याकडं 'काय चाललंय तात्या?' ला तात्या म्हणतात, 'हाय की हितंच, कुठं जातोय.' दोन्हीकडं विचारणाऱ्याला तात्या कुठं आहेत ते दिसतच असतं.

पण मॅलिनोव्स्की औषधाच्या दुकानात बसला नव्हता. माझी अडचण अशी की मी 'जेवण झालं का' असं विचारते तेव्हा मला खरोखरच माहिती हवी असते. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत, पोटात आग पडते. साखरेच्या काही गोळ्यांचंही तसंच, घेतल्यावर जेवायला उशीर झाला तर चक्कर येते. आणि समोरचा माणूस पहाटेच्या गाडीनं आलेला असतो, नंबर लावून बसलेला असतो, रक्त द्यायचं म्हणून सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नसतं. मी विचारते, 'ऊटा आतेन्री?' तो हात जोडल्यासारखं करतो आणि म्हणतो, 'आत्री, आत्री.' झालं, झालं. कारण या प्रश्नाला 'नाही' म्हणणं म्हणजे समोरच्याकडं जेवण मागितल्यासारखं. मराठीतही तेच, 'झालं की ताई, आत्ताच झालं.' दखनीतही, 'हौ, हुआ ना.' चार भाषांत विचारा, उत्तर एकच, आणि बारा वाजायच्या आत ते खोटं असायची शक्यता मोठी.

म्हणून मी विचारायची पद्धत बदलली. आता मी विचारते, 'काय खाल्लं?' एन तिंद्री? क्या खाया? हा प्रश्न कुठल्याच भाषेतल्या नमस्कारात येत नाही, त्यामुळं त्याचं ठरलेलं उत्तरही कुणाकडं नसतं. परवा कुडचीकडची एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. दारातून 'शरणु' म्हणाली, जेवण झालं का म्हटल्यावर लगेच 'आत्री' म्हणाली. काय खाल्लं म्हटल्यावर सुनेकडं बघायला लागली. सून खाली बघत हळूच म्हणाली, 'चा.' मग कोपऱ्यावरच्या गाड्यावरून इडली मागवली, दोघींना बाकावर बसवलं, आणि पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करून चिठ्ठीतली पहिली गोळी त्यांच्यासमोरच काढून ठेवली. इडली खाता खाता म्हातारी मला विचारत होती, 'निम्द आतेन्री?'

माझं झालं नव्हतं. मी म्हटलं, आत्री.